सुताराची ठकठक

जंगलात कुऱ्हाड शिरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. सुतार पक्ष्यानं जुन्या सावरीच्या झाडात कोरलेल्या ढोल्यांत पोपटांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होती.

एकदा राघू चिडून म्हणाला, "दिवसभर मेली ती ठकठक! वर अंगाला भुसा. हा शेजारी नको."

सुतारानं विचारलं, "मग नव्या ढोल्या कोण कोरणार?"

"कोरायच्या कशाला? ढोल्या झाडाला येतातच!" ढोलीतच जन्मलेले सगळे पोपट हसले आणि त्यांनी त्याला टोचून हाकलून दिलं.

पुढे वादळात सावर उन्मळून पडली. अंड्यावर आलेली राघूची बायको रानभर हिंडली, पण एकाही खोडाला ढोली नव्हती. राघूनं चोच आपटून पाहिली, तर नुसती साल खरवडली.

संध्याकाळी तिनं उघड्या फांदीवर अंडं घातलं. ते घरंगळून खाली पडलं आणि फुटलं.

"ठकठक ऐकू येते का हो कुठं?" तिनं विचारलं.

राघूनं कान दिला. रान गप्प होतं.