गाडी टेकते ती जागा

सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. स्थळ, खैरदऱ्याच्या पायथ्याचा गोसावी मठ. अंगणात एक मोटरसायकल आडवी पडलेली. वारा नव्हता, कुणाचा धक्का लागला नव्हता.

“मग पडली कशी?”

प्रश्न शाखा अभियंता सुधन्वा पांगरेकर यांचा. समोर दौलतगीर बुवा अंगण झाडत होते. त्यांनी झाडणं थांबवलं नाही.

जीप येते ती या मठापर्यंत. पुढे डोंगर, डोंगरावर चार तांडे आणि तिथवर नेणारी एक दगडाळ पायवाट. त्या वाटेवर चढते ती ही एकच गाडी. मठाशेजारच्या दोन खोल्यांत आरोग्य उपकेंद्र आहे. तिथल्या सिस्टर सुलभा बोईनवाड मागे औषधांची पेटी बांधून ती वर नेतात. या पावसाळ्यात गाडी उभ्या जागी पडण्याची ही तिसरी वेळ. दुसऱ्या वेळी पेटी फुटली, बाळंतपणाच्या औषधांच्या कुप्या चिखलात गेल्या आणि त्याच दुपारी वरून बोलावणं आलं. सिस्टर रिकाम्या हातांनी गेल्या. बाई वाचली, बाळ वाचलं. याचं श्रेय कुणी घेऊ नये.

यावर वरच्या साहेबांनी काढलेला तोडगा असा, की गाडी ठेवायला नीट जागा नसेल तर गाडी तालुक्याला हलवावी. तालुक्याला फरशी आहे, शेड आहे, दोन जीपही आहेत. तांडे मात्र तालुक्याला हलवता येत नाहीत. उद्या दुपारी बारा वाजता पाहणी होती आणि त्यावर निकाल.

जागा पांगरेकरांनी चैत्रातच करून दिली होती. दहा फूट बाय आठ फूट, वर सिमेंटचे लाल ब्लॉक. कागदावर लिहिलं होतं की दोन फूट काळी माती काढली, मुरूम भरला, ठोकून घेतला. खाली पांगरेकरांची सही. पाऊस पडला आणि ब्लॉक भाकरीसारखे फुगून आले. गाडीचा स्टँड त्यांच्या फटीत रुतायला लागला.

आज ते सिमेंटचं नवं पोतं घेऊन आले होते. कॉलेजात सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस. सिस्टरांनी सुचवलं होतं की एकदा बुवांना विचारा, साधू होण्याआधी तीस वर्षं ते रस्त्यावर मैलकुली होते, खड्डे बुजवणं हाच त्यांचा जोग होता. पांगरेकर हसले होते. तरीही विचारलं, कारण उद्याचे बारा जवळ येत होते.

बुवांनी झाडू भिंतीला टेकवला.

“उचला गाडी.”

पांगरेकरांनी उचलली.

“धरून ठेवा. स्टँड लावायचा नाही. आलोच मी.”

बुवा आत गेले. आधी घंटा वाजली, मग धुपाचा वास आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. पांगरेकर हँडल धरून उभे. मनात त्यांनी बुवांना दोन शिव्या घातल्या. वीस मिनिटांनी शिव्याही आठवेनाशा झाल्या.

सिस्टर बाहेर आल्या. त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या की पहिल्यांदा पडली तेव्हा बुवांनी मलाही अशीच धरायला लावली होती, मी बारा मिनिटांत सोडून दिली.

अर्ध्या तासाने बुवा चहाचे दोन पेले घेऊन आले. एक त्यांनी सिस्टरांना दिला. दुसरा स्वतः प्यायले.

“जड लागली का, साहेब?”

“नाही. सरळ धरली की वजनच लागत नाही. फक्त डावीकडे जराशी जाते.”

“किती?”

“जराशीच...”

“मग त्या जराशापुरती जागा करायची. बाकीची गाडी तिची ती उभी हाय.”

पांगरेकरांनी समजावलं की त्यांनी सबंध गाडीचं वजन हिशेबात धरलं होतं, या जागेवर हत्तीसुद्धा उभा राहिला असता. बुवा खाली वाकले. स्टँडचं टोक त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाखवलं.

“हत्तीचा पाय केवढा, अन् हिचा केवढा...”

मग त्यांनी पहार घातली आणि चार ब्लॉक उलटवले. ब्लॉकखाली चार बोटं वाळू. वाळूखाली काळी माती. ओली, चकचकीत, आजवर कुणी हात न लावलेली.



“काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते,” पांगरेकर म्हणाले. “दुसऱ्या वर्षाला होतं आम्हाला.”

“पेपरात आलं होतं?”

“आलं होतं.”

“मार्क किती भेटले?”

“पैकीच्या पैकी.”

“मग इथं कामून नाही लिहिलं?”

सिस्टरांनी रिकामा पेला उचलला आणि त्या आत निघून गेल्या.  पांगरेकरांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टिकाव मागितला.

बुवांनी टिकाव दिला, पण ब्लॉकांजवळ मारू दिला नाही. दहा हात वरच्या अंगाला नेलं. तिथे एक चर खणायला लावला, डोंगरावरून उतरणारं पाणी ओढ्याकडे वळवणारा. गाडी कुठे आणि आपण कुठे, असं पांगरेकरांनी विचारलं. आधी पाण्याला त्याची वाट दाखवू, असं बुवा म्हणाले आणि खणत राहिले. सत्तरीच्या माणसाचा टिकाव एकदाही चुकीच्या जागी पडत नव्हता. पांगरेकरांनी आयुष्यात शेकडो मजूर पाहिले होते. एकाचेही हात त्यांनी असे पाहिले नव्हते.

मग खड्डा. लांबी गाडीएवढी, रुंदी खाटेएवढी. बुवांनी दहा बाय आठ हा शब्द एकदाही उच्चारला नाही. माती चिकट, प्रत्येक घावाला टिकावाला धरून बसणारी. पहार खाली खणकन वाजली तेव्हा दुपार झाली होती आणि खड्डा मांडीपर्यंत खोल गेला होता.

मठामागच्या दरडीतून मुरूम आणला, घमेल्याने, डोक्यावरून. वीतभर थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, लोखंडी धुम्मसाने ठोकायचं. पांगरेकरांना उरकायचं होतं. पहिला थर ठोकून होतो न होतो तो त्यांनी दुसरं घमेलं उचललं. बुवांनी हात आडवा केला, डोळे मिटले, पुन्हा एक ठोका मारायला सांगितलं.

“अजून पोकळ बोलतोय.”

पुन्हा ठोका. पुन्हा. भदभद आवाज हळूहळू आवळत गेला. शेवटी धुम्मस खाली पडलं आणि हातात झिणझिण्या येऊन उसळलं.

“आता टाका.”

असे चार थर झाले. संध्याकाळी पांगरेकरांनी खिशातली पाणसळ काढून वर ठेवली. बुडबुडा मध्यावर येईना. जागा सपाट नाही, ते म्हणाले. बुवांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि सावकाश चालत चराकडे निघून गेलं. पांगरेकरांनी पाणसळ उचलून खिशात टाकली.

स्टँडचं टोक जिथे येतं तिथे बुवांनी एक चपटा दगड बसवला, तळहाताएवढा, खरबरीत बाजू वर. तो बसवायला त्यांना दिवसातला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रात्रभर पाऊस झाला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या पाहणीला साहेब एक वाजता आले. सिस्टर तांड्यावरून उतरत होत्या. त्यांनी गाडी जागेवर आणली, पायाने स्टँड लावला आणि मागे न बघता पेटी घेऊन आत गेल्या. साहेबांनी हँडल हलवलं. मागची सीट दाबली. नंतर भिजल्या मुरमावर बुटाची टाच रगडून पाहिली. गाडी जागची हलली नाही.

गाडी इथेच राहील, असं सांगून ते निघाले. बाजूला रचून ठेवलेल्या लाल ब्लॉकांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

जीपचा आवाज वळणापलीकडे गेला. पांगरेकरांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते. ते बुवांच्या पायाशी वाकले. बुवांनी पाय मागे घेतले.

“बुवा,” पांगरेकर म्हणाले, “मठाच्या मागेच एवढा मुरूम होता. चैत्रातच मला एक शब्द सांगायचा होतात.”

बुवांनी धुम्मस धुऊन उन्हाला उभं केलं...

“चैत्रात तुमचाबी मुरूम आला होता, साहेब. दोन टिप्पर. ह्या अंगणात वळले अन् भरलेलेच परत गेले. कुठं रिकामे झाले, ते अजून कोणी विचारलं नाही.”