चिंचेनं घासलेलं नाणं

ही हकीकत तळेगडच्या संस्थानात घडली की शेजारच्या, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. राजाचं नाव वीरभद्रराव होतं असं आठवतं. पण आठवणीचा काय भरवसा? चिंचेबद्दल मात्र शंका नाही. चिंच होतीच.

राजाला जुन्या नाण्यांचं वेड. त्यातलं सर्वांत लाडकं नाणं तांब्याचं होतं, शेवाळासारखं हिरवं. त्या हिरवेपणातच त्याचं वय आणि मोल आहे, असं राजा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. लक्ष्मीपूजनाला त्यानं ते हौसेनं ताम्हनात ठेवलं आणि नंतर उचलायला विसरला. देवघरातली भांडी घासणाऱ्या बयजानं दुसऱ्या दिवशी ताम्हन, पळी, पंचपात्री आणि ते नाणं, सगळं चिंच-मीठ लावून लख्ख केलं. नाण्यावर तिनं जरा जास्तच जोर लावला. असलं मळकट नाणं देवीपुढे ठेवणाऱ्याची तिला लाज वाटली होती.

राजानं नाणं उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "बयजे, चारशे वर्षं घासून टाकलीस तू!"

तिला वेशीबाहेर घालवायचा हुकूम सुटला. तिचं घर, दोन शेळ्या, म्हातारी सासू, सगळं वेशीच्या आत. तिनं हात जोडून एवढीच विनंती केली, की नाणं खरंच बिघडलं का ते आधी जाणत्यांना विचारावं.

जाणते तिघे होते. नाणं पाहायचं, सोळा आण्यांपैकी किती आणे ते ठरवायचं, अभ्रकाची खिडकी असलेल्या डबीत घालून लाखेची मोहर मारायची, हा त्यांचा धंदा. नाणं तिघांकडे फिरलं. प्रत्येकानं आधीच्याची मोहर नाक मुरडत फोडली. गणोजी पोतदार म्हणाला सोळा आणे, अशी झळाळी जन्मात पाहिली नाही. हरशेटनं अकरा दिले. आबाशास्त्री म्हणाले चार. कुणा गाढवानं हे धुतलंय.

आता राजा पेचात पडला आणि पेचात पडलेला राजा जे करतो तेच त्यानं केलं. पेच दुसऱ्याच्या गळ्यात घातला. तुळशीच्या लग्नापर्यंत बयजानं सांगावं, तिघांत खरा कोण. चौथ्या पारख्याला विचारायचं नाही. सांगता आलं नाही तर वेस आहेच.

बयजाला नाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाजीवालीचं मात्र कळत होतं. वाड्यासाठी म्हटलं की ती जुडी पुढे करताना हसते, स्वतःसाठी म्हटलं की तीच जुडी आपटते. ती राजाला म्हणाली, "सरकार, न धुतलेलं एक नाणं द्या. कुठलंही चालेल."

ते नाणं चोपदाराबरोबर पालखीतून तिघांकडे गेलं. गणोजीचे सोळा, हरशेटचे अकरा, शास्त्रीबुवांचे नऊ. राजा वैतागला. यातून काय कळलं?

"अजून काही नाही. आता हेच नाणं घेऊन तुम्ही जायचं. पण फाटकं धोतर नेसून, डोक्यावर कांद्याची पाटी घेऊन."

दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर सरकारांचा विश्वास बसणार नाही, असं तिचं म्हणणं. राजानं आढेवेढे घेतले, पण सोंगाची हौस कुणाला नसते? बयजानं त्याच्या गालाला चुलीची राख फासली. जरा जास्तच फासली. वाटेत नड आलीच तर म्हणून त्याची राजमुद्रेची अंगठी स्वतःकडे ठेवली आणि मागोमाग निघाली.

गणोजीनं कांदेवाल्याला पायरीवरच अडवलं, नाणं चिमटीत धरलं, म्हणाला दोन आणे, आणि तेही तुझ्या तोंडाकडे बघून. हरशेटनं जांभई देत अकरा दिले. बयजानं फुटक्या पळीचा ठोकून चपटा केलेला तुकडा राजाकडे दिला होता. तोही पुढे केला. हरशेट म्हणाला, अकरा. अकरा म्हटलं की कुणी भांडायला येत नाही, हे त्यानं धंद्याच्या सुरुवातीलाच हेरलं होतं.

आबाशास्त्र्यांनी नाणं उजेडात धरलं. "नऊ आणे," ते म्हणाले, आणि लगेच राजाची मानगूट धरली. "काठावरची ही चीर मी ओळखतो. परवा हे वाड्यातून आलं होतं. बोल चोरा, कुठून मारलंस?"

राजानं आपण राजा असल्याचं सांगून पाहिलं. शास्त्रीबुवांनी त्याबद्दल एक रट्टा जास्त दिला आणि भर बाजारातून फरफटत त्याला चौकीवर नेलं. बयजा धापा टाकत पोचली. हा आपला खुळा दीर आहे, वाड्याच्याच कामावर निघाला होता, असं तिनं हवालदाराला सांगितलं, अंगठी दाखवली आणि राजाला सोडवून आणलं.

वाड्यात आल्यावर राजा देवघरात मान चोळत बसला. खरा कोण ते आता विचारायची गरज नव्हती. पण हळूहळू त्याच्या डोक्यात दुसरंच काही उजाडलं.

"शास्त्रीबुवा खरे," तो म्हणाला. "म्हणजे त्यांचे चार आणेही खरे. म्हणजे नाणं तू बिघडवलंस. आता गं?"

"हो सरकार. निघते मी." तिनं पदर खोचला. "पण पलीकडच्या राज्यात गेलं की लोक विचारणार, बाई, तुला का काढलं? मला खोटं बोलता येत नाही. चिंचेपासून सुरुवात करावी लागेल, ती थेट चौकीपर्यंत. खुळा दीर कोण, हेही सांगावं लागेल."

राजानं ओरडायला तोंड उघडलं. मग हसत सुटला. पगडी गडगडत ताम्हनात पडली, तरी हसत होता.

ते लखलखीत नाणं बयजाला मिळालं, वर विहिरीसकट मळा मिळाला. शास्त्रीबुवांना वाड्याचं काम आणि मानगूट धरल्याबद्दल शालजोडी. बाकीच्या दोघांना बयजाच्या सल्ल्यानं हुकूम झाला, की यापुढे पडद्याआड बसूनच नाणं पारखायचं. आणणारा दिसता कामा नये.

तो पडदा पुढे कितीतरी वर्षांनी प्रत्यक्ष पाहायला मिळाला. गणोजीच्या वंशजांच्या पेढीवर तो अजून आहे. त्याला बरोबर डोळ्याएवढं भोक आहे.