हेव्याचा कट्टा

या, पुढे या. चपला त्या कडुनिंबाखाली ठेवा आणि सावलीत उभे राहा. फक्त कट्ट्यावर बसू नका. मनाईचा फलक कुठं लावलेला नाही, पण विद्यापीठातलं कुणीच तिथं बसत नाही, खुद्द कुलगुरूसुद्धा नाहीत, म्हणून पाहुण्यांना आधीच सांगावं लागतं. हा काळ्या दगडाचा कट्टा, त्याच्या पुढ्यात ही एकच रुंद पायरी, आणि पायरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला तडा. पलीकडं दिसतोय तो सुवर्णमहोत्सवाचा मांडव. बोरमाळ विद्यापीठाला यंदा पन्नास वर्षं झाली. वर्षभर काही ना काही चालू आहे, आज व्याख्यान, उद्या नाटक, मग जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे. एवढं थंडगार सभागृह बांधलंय, तरी वर्षातला पहिला कार्यक्रम सभागृहात झाला नाही. इथंच झाला, भर उन्हात.

त्याचं कारण फार जुनं आहे. मी अंबादास गुरव. माळाखालच्या वैद्येश्वराची पूजा आमच्या घराण्याकडं आहे. आमच्या घरात जसं सांगत आले, तसं तुम्हाला सांगतो.

देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. हा माळ तेव्हा उजाड होता. बोरीची झुडपं, खडक आणि खडकांच्या फटींतून उगवणाऱ्या औषधी वनस्पती, एवढंच. त्या वनस्पतींसाठी पद्मनाभशास्त्री नावाचे वैद्य इथं आले. बायको वारली होती. सोबत एकच मुलगी, रेवाई. परकराच्या ओच्यात बोरं गोळा करत फिरणारी लहानगी पोर. शास्त्र्यांनी इथं झोपडी घातली, वैद्यकाची पाठशाळा काढली, आणि हळूहळू वऱ्हाडापासून कर्नाटकापर्यंतचे विद्यार्थी येऊ लागले.

संध्याकाळी शास्त्री आपला हात मुलीपुढं धरायचे आणि तिला नाडी बघायला लावायचे. त्यांना दुसरं कुणी बोलायला नव्हतं. जे वाचायचे ते तिला सांगायचे, जे सुचायचं तेही तिलाच. मुलगी मोठी झाली तशी नव्या विद्यार्थ्यांना तीच शिकवू लागली. माळाखालच्या बायका पुरुष वैद्याला दुखणं सांगायला लाजत, त्याही रेवाईकडं येत. तिचं लग्नाचं वय उलटत चाललं होतं. लोक आठवण करून द्यायचे, पण शास्त्री मनावर घेत नसत. तिच्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

पाठशाळेला एक तप पूर्ण होत आलं तेव्हा शास्त्र्यांनी ठरवलं की वर्षभर उत्सव करायचा. दर पौर्णिमेला सभा, लांबलांबचे वैद्य पाहुणे, आणि आलेल्या सगळ्यांना जेवण. हा कट्टा त्यासाठीच बांधला. शास्त्र्यांनी त्यावर बसून बोलायचं आणि विद्यार्थ्यांनी समोर बसायचं.

पहिल्या पौर्णिमेला पैठणचे एक वृद्ध वैद्य आले होते. त्यांनी एका विद्यार्थ्याला उभं करून विचारलं, "वात, पित्त आणि कफ यांचं नातं सांग बघू."

विद्यार्थी म्हणाला, "आजोबा, एका चुलीवर तीन जावा रांधतात. तिघी जमवून घेतात तोवर घर पोटभर जेवतं. एक रुसली की उरलेल्या दोघींच्याही भाकरी करपतात. वैद्यानं रुसलेलीला ओळखायचं आणि तिची समजूत काढायची. तिला घराबाहेर काढायचं नाही."

म्हातारा खळखळून हसला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"आमच्या रेवाईनं."

म्हाताऱ्यानं शास्त्र्यांकडं वळून हात जोडले. "शास्त्रीबुवा, भाग्यवान आहात. तुमच्याहून सरस वैद्य तुमच्याच घरात आहे."

शास्त्रीही हसले. सगळ्यांना वाटलं, बापाला धन्य वाटलं असेल. पण असं सांगतात, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तिथून त्यांना जे दिसू लागलं ते आधीही होतंच, त्यांनी पाहिलं नव्हतं. रेवाईच्या वर्गातून हसण्याचे आवाज यायचे. त्यांच्यासमोर विद्यार्थी माना खाली घालून बसायचे. रेवाई यायच्या आत कुणीतरी तिची बसायची जागा झाडून ठेवायचं. त्यांनी शिकवून झालं की विद्यार्थी घोळक्यानं तिच्याकडं जायचे आणि तोच भाग पुन्हा समजून घ्यायचे. शास्त्री आतल्या खोलीत बसून कान देऊन ऐकायचे. ती चुकेल, एखादा श्लोक विसरेल, म्हणून वाट बघायचे. ती विसरायची नाही. मग सर्वांसमोर तिचे उच्चार सुधारू लागले. पाहुणे आले की तिला स्वयंपाकात गुंतवू लागले. आपण हे का करतो ते त्यांना ठाऊक होतं म्हणे. नाडी बघणाऱ्या माणसाला स्वतःचं दुखणं कळायला काय वेळ लागणार? पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. परक्याचा मत्सर माणूस कुठंतरी बोलून दाखवतो. पोटच्या पोरीचा कुणाजवळ बोलणार?

पुढं एका पौर्णिमेला पैठणचे तेच वैद्य पुन्हा आले. या वेळी शास्त्र्यांनी कट्ट्यावर बसून स्वतःच तो तीन जावांचा दाखला दिला, आणि "मला पूर्वी एकदा सुचलं होतं," असं म्हणाले. समोर विद्यार्थी बसले होते. एकानंही मान वर केली नाही. रेवाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं, तांब्या तिथंच ठेवला आणि आत गेली. भांडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बापाच्या पानात भाकरी वाढली. ती बोलली असती तर शास्त्र्यांना सोपं गेलं असतं. तिचं ते गप्प राहणं त्यांना सोसेना.

आणि मग इतकी वर्षं रेंगाळलेलं लग्न त्यांनी एकाएकी मनावर घेतलं. सिंदफणेपलीकडं तांदळगव्हाण म्हणून गाव होतं. तिथले धोंडदेव, वयानं बरेच मोठे, पहिली बायको गेलेली. घर खाऊनपिऊन सुखी. लोकांनी शास्त्र्यांची वाहवा केली. "शेवटी बापाचं काळीज," म्हणाले.

निघताना रेवाई पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, माझं काय चुकलं?"

"अगं, मुलीचं लग्न होतंच. यात चुकायचा प्रश्न कुठं येतो?"

"तुम्ही नुसतं म्हणाला असतात, तर मी शिकवणं सोडलं असतं."

शास्त्र्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "गाडी जुंपलीय. ऊन व्हायच्या आत नदी ओलांडा," एवढंच म्हणाले.

ती गेली. आता सगळे त्यांच्याकडंच येणार होते. तसे ते आलेही, पण प्रश्न विचारीनासे झाले. शास्त्री शिकवायचे, विद्यार्थी ऐकायचे, उठून जायचे. माळावर हसणं ऐकू येईना. आणि नवल असं, की हेवाही संपला नाही. नदीपलीकडं ती आता कुणाला शिकवत असेल, तिथंही कुणी तिची जागा झाडून ठेवत असेल, असं त्यांच्या मनात यायचं आणि ते भरल्या पानावरून उठायचे.

त्याच हिवाळ्यात खालच्या वाडीतली भागाई आजारी पडली. तिचं दुखणं बायकी होतं. शास्त्र्यांना सांगायची तिला लाज वाटली. रेवाई माहेरपणाला येईल तेव्हा दाखवू, म्हणून ती वाट बघत राहिली. शेवटी नवरा तिला पाठीवर घेऊन माळ चढला, तेव्हा हात लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

दहावं झाल्यावर तिचा नवरा राघो पुन्हा वर आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "बुवा, तुम्ही चांगलंच केलं असेल. पोरीला उजवायलाच पाहिजे. पण रेवाई असती तर माझ्या बायकोनं तोंड उघडलं असतं," असं म्हणाला आणि उतरून गेला.

शास्त्री तसेच उठले आणि पायी निघाले. नदी ओलांडून तांदळगव्हाणला पोचले, तेव्हा रेवाई अंगणात डाळ वाळत घालत होती. बापाला बघून ती उठली, तिनं पाय धुवायला पाणी दिलं. शास्त्र्यांनी ते घेतलं नाही.

"घरी चल," ते म्हणाले. "भागाई गेली."

"कळलं मला." तिचे डोळे भरून आले. "माझ्या हातून तिला गूळ लागायचा. नुसतं औषध घ्यायची नाही ती."

मग शास्त्र्यांनी मनातलं सगळं सांगितलं. पैठणच्या वैद्यांचं वाक्य, आतल्या खोलीतून ऐकणं, लग्नाची घाई का केली तेही. काही लपवलं नाही. धोंडदेव ओसरीवर होते. गृहस्थ सज्जन होते. ऐकून म्हणाले, "तिला जायचं असेल तर मी आडवा येणार नाही."

रेवाईनं उरलेली डाळ पसरली. मग म्हणाली, "बाबा, हे तुम्ही मला अंगणात सांगताय. इथं आपण तिघंच आहोत. माझा दाखला तुम्ही कट्ट्यावर बसून स्वतःचा म्हणून सांगितलात. सगळ्या सभेनं ऐकला. हेही तिथंच सांगा."

"तिथं? अगं, माझे विद्यार्थी..."

"तेच. त्यांच्यासमोर."

शास्त्री एकटेच परत आले.

उत्सवाची शेवटची पौर्णिमा आली. माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पैठणचे वैद्य होते, गावोगावचे लोक होते, वाडीतल्या बायका कडेला बसल्या होत्या, आणि राघोही होता. शास्त्री कट्ट्यापाशी गेले, पण चढले नाहीत. या पायरीवर उभे राहिले. आधी म्हणे त्यांनी धन्वंतरीची स्तुती सुरू केली, ती अर्ध्यावर सोडली. पाठशाळेचं वर्णन सुरू केलं, तेही सोडलं. लोक चुळबुळू लागले. तेव्हा ते म्हणाले,

"मला माझ्या मुलीचा हेवा वाटला. ती माझ्याहून चांगलं शिकवते. तीन जावांचा दाखला तिचा आहे, मी तो चोरला. लग्न लावलं ते बाप म्हणून नाही. तिला इथून घालवायचं होतं म्हणून लावलं. राघो, तुझ्या बायकोला माझा हेवा भोवला. आणि अजूनही, हे बोलताना, तो हेवा माझ्या पोटात तसाच आहे."

असं सांगतात की त्याच क्षणी त्यांच्या पायांखालची पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे सर म्हणतात, दगड उन्हानं तडकतो. तडकत असेल. आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही.

लोक त्या तड्याकडं बघत होते. तेवढ्यात कडेला बसलेल्या बायकांतून एक उठली आणि पुढं आली. ती रेवाई होती. धोंडदेव तिला सकाळीच गाडीतून घेऊन आले होते, पण बापाला तिनं कळू दिलं नव्हतं. शास्त्री बाजूला झाले आणि कट्ट्याकडं हात करून म्हणाले, "बस."

ती बसली नाही. त्यांच्याशेजारी पायरीवरच उभी राहिली.

"मलाही बाबांचा हेवा वाटायचा," ती म्हणाली. "ते कट्ट्यावर बसून बोलायचे आणि मी दारात पाणी घेऊन उभी असायची. पैठणच्या आजोबांनी त्यांना ते वाक्य ऐकवलं तेव्हा बाबांचा चेहरा पडला. मी तो पाहिला होता. आणि तरी मला आनंद झाला होता."

शास्त्र्यांनी तिच्याकडं पाहिलं. या वेळी नजर चुकवली नाही.

पुढं काय झालं ते वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं, ती कायमची परत आली. आमच्या घरात सांगतात ते असं, की ती तांदळगव्हाणलाच राहिली आणि दर पौर्णिमेला धोंडदेवांच्या गाडीतून येऊन इथं शिकवू लागली. त्या दिवशी वाडीतल्या बायकांची रीघ लागायची. बापलेकीचं पूर्वीसारखं काही झालं नाही. शास्त्री भर सभेत तिचं मत विचारायचे आणि प्रत्येक वेळी ते विचारताना त्यांना जड जायचं, ते लोकांना दिसायचं. कट्ट्यावर मात्र दोघंही पुन्हा कधी बसले नाहीत. आणि शास्त्र्यांनी नेम घालून दिला, की या जागी ज्याला बोलायचं असेल त्यानं आधी या पायरीवर उभं राहून, ज्याच्या कामाचा आपल्याला हेवा वाटतो अशा एका जिवंत माणसाचं नाव मोठ्यानं घ्यावं. मग खुशाल बोलावं.

पाठशाळा केव्हा मोडली कुणाला ठाऊक नाही. माळ पुन्हा उजाड झाला. मग विद्यापीठ आलं आणि पहिल्या कुलगुरूंनी माझ्या आजोबांकडून ही हकिगत ऐकून हा नेम पुन्हा सुरू केला.

आजही वर्धापनदिनाचं पहिलं भाषण इथूनच होतं, आणि आजही काहीजणांना नाव घेता येत नाही. पायरीवर उभे राहतात, घसा साफ करतात आणि तसेच खाली उतरतात. त्यांना कुणी हसत नाही. यंदा इतिहास विभागाचे एक नावाजलेले प्राध्यापक असेच उतरले. उतरून ते पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडं गेले नाहीत. चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. तिथं त्यांच्याच विभागातल्या एक बाई बसल्या होत्या. दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, हे सगळ्या विद्यापीठाला माहीत आहे. ते त्यांच्यासमोर नुसते उभे राहिले. बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.