उपडा द्रोण

फार वर्षांपूर्वी, खैरदऱ्याच्या डोंगराला अजून गाडीरस्ता शिवला नव्हता तेव्हा, गावात हैबती नावाचा एक वाढपी होऊन गेला. वाढपी म्हणजे पंगतीत वाढणारा. लग्न असो, बारसं असो की मारुतीचा भंडारा असो, लापशीचं ओगराळं हैबतीच्याच हातात असायचं. ते पितळेचं होतं आणि त्याचा दांडा चांगला हातभर लांब होता. असं म्हणतात, की हैबती वाढायला उभा राहिला की पंगतीच्या शेवटच्या माणसाच्या पानावरही त्याची सावली पडायची.

हैबतीच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठत नसे. खरं सांगायचं तर कुणाला आपलं आपण उठताच येत नसे. दोघांनी बगलेत हात घालून उठवायचं आणि बैलगाडीत नेऊन निजवायचं, अशी रीतच पडली होती. हैबती लापशीची बादली घेऊन समोर उभा राहायचा आणि एवढंच म्हणायचा, "माझ्या हातचं एक." पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला, तर तो हातावर वाढायचा. दुसरा हात धरला, तर त्याच्यावरही वाढायचा. एकदा भंडाऱ्याच्या दिवशी तो देवळात गेला आणि मारुतीलाही म्हणाला, "देवा, माझ्या हातचं एक." सकाळी पुजारी पाहतो, तर दगडी मूर्तीनं करदोटा सैल केलेला. असं म्हणतात.

त्याच्या या आग्रहामागे एक जुनी गोष्ट होती. तो लहान असताना मोठा दुष्काळ पडला होता. डोंगराखालच्या देवळात अन्नदान होतं, म्हणून त्याची आई त्याला कडेवर घेऊन तिथं गेली आणि पंगतीच्या अगदी टोकाला बसली. वाढणारे टोकापर्यंत येण्याआधीच भांडं संपलं. आईनं कोरडी पत्रावळ उचलली, पोराच्या डोक्यावर उन्हासाठी धरली आणि ती परत डोंगर चढली. ती कोरडी पत्रावळ हैबती कधी विसरला नाही. आपल्या पंगतीत कुणाचं पान रिकामं राहू द्यायचं नाही, हे त्यानं तेव्हाच मनाशी धरलं.

पंगती उठल्या की हैबती आणि त्याची बायको तान्हूबाई मागे जेवायला बसत. बादलीच्या तळाची, गुळानं चिकट झालेली लापशी हैबतीला फार आवडायची. तो ती बोटांनी निपटून खायचा. वर्षानुवर्षं खात राहिला.

मग एका वर्षी त्याला तहान लागायला लागली. साधी तहान नव्हती ती. असं म्हणतात, की तो विहिरीवर पाणी प्यायला बसला की विहिरीची एक पायरी उघडी पडायची. तो दिवसातून कितीदा तरी आडोशाला जायचा, आणि जिथून उठायचा तिथं थोड्या वेळानं काळ्या मुंग्यांची रांग लागायची. बांधावर मुंग्या, गोठ्यामागे मुंग्या, चिंचेच्या बुंध्याशी मुंग्या. हैबती कुठं कुठं गेला होता, हे मुंग्यांच्या रांगा पाहून सांगता यायचं. त्याचं अंग उतरलं. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. संक्रांतीनंतर त्याच्या तळपायाला काटा लागला, आणि ती जखम काही केल्या भरेना.

तान्हूबाई त्याला खालच्या गावातल्या भिकाजी वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी पाय पाहिला, मुंग्यांबद्दल विचारलं आणि ते म्हणाले, "मधुमेह आहे. अंगात गोड साचलंय."

"औषध द्या," हैबती म्हणाला.

"पायाला लेप देतो. बाकीचं औषध तुझ्या ताटात आहे. गूळ बंद, साखर बंद, लापशी बंद. भात थोडा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची आमटी, ताक. रोज वेळेवर जेवायचं. दिवसभर उपास आणि रात्री दुप्पट, असलंही चालायचं नाही. अनवाणी हिंडायचं नाही. आणि रोज दिवस मावळायच्या आत बायकोला तळपाय दाखवायचे."

"किती दिवस?"

"जिवंत आहेस तोवर."

"आणि न्हाई जमलं तर?"

वैद्यांनी त्याच्या पायाकडे बोट दाखवलं. "तर हा काळा पडेल. मग एक तर तो काढावा लागेल, नाही तर तोच तुला घेऊन जाईल."

हैबतीची मुलगी सगुणा हिचं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं. लेकीच्या लग्नात स्वतः पंगत वाढायची, एवढी एकच इच्छा त्यानं तिच्या जन्मापासून बाळगली होती. परतताना डोंगराच्या माथ्यावर आल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना. गोड सोडायचं. सोडलं."

पण त्याला आपला गाव माहीत असूनही माहीत नव्हता. हैबती वाळला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ज्यानं गावाला खाऊ घातलं तोच सुकत चालला, म्हणून जो तो त्याला खायला घालू लागला. या घरून पुरणपोळी, त्या घरून शिरा, तिसऱ्या घरून काकवी. हैबती नको म्हणायचा, पण खैरदऱ्यात नको म्हणून कुणी कधी सुटलं नव्हतं, आणि ती रीत त्यानंच घातली होती.

"वैद्यांनी गोड बंद केलंय," तो सांगायचा.

"एकानं काय होतंय?" समोरचा म्हणायचा. "आमच्या बारशाला माझ्या बापाच्या दोन्ही हातांवर लापशी वाढली होतीस. इसरलास व्हय?"

हैबती खायचा. जखम ओली राहायची. चैत्र लागला तेव्हा तिची कड काळसर दिसू लागली. तान्हूबाईनं संध्याकाळी पाय पाहिला आणि ती कितीतरी वेळ तो मांडीवरून खाली ठेवीना.

"लोकं ऐकत न्हाईत," हैबती म्हणाला.

"तुमी कवा कुणाचं ऐकलं?" ती म्हणाली. बोलणं तिखट होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

चैत्री पौर्णिमेला मारुतीचा भंडारा आला. पायामुळे हैबतीला उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या वर्षी ओगराळं राणोजीकडे गेलं. राणोजी म्हणजे हैबतीच्या जोडीनं आयुष्यभर भात वाढलेला गडी. लापशीचं ओगराळं आपल्या हाती यावं म्हणून त्यानं किती वर्षं वाट पाहिली होती कोण जाणे. जन्मात पहिल्यांदा हैबती पंगतीत खाली बसला, आणि आईसारखाच अगदी टोकाला बसला. त्याच्या शेजारी म्हातारी येसूबाई होती.

राणोजी वाढत वाढत टोकाला आला. ज्याच्याकडून शिकला त्यालाच वाढायचं म्हणून त्याची छाती फुगली होती. "बुवा," तो म्हणाला, "माझ्या हातचं एक."

हैबतीनं पानावर हात आडवा धरला. राणोजीनं हातावर वाढलं.

लापशी ऊन होती. ती बोटांमधून पानावर ओघळली. हैबती आपल्या हाताकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्यानं हे दुसऱ्यांच्या हातावर केलं होतं, पण खाली बसून कधी पाहिलं नव्हतं.

"झाकून टाक," शेजारून येसूबाई हळूच म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. येसूबाईनं आपला आमटीचा द्रोण रिकामा करून लापशीवर उपडा घातला होता आणि त्याच्या आडून ती निवांत भाकरी खात होती.

"हे काय, म्हातारे?"

"माझ्याबी मागं मुंग्या हैत, लेका. लई वर्सं झाली. दर पंगतीला अशीच झाकती." ती घास चावत म्हणाली. "ती बघ यशवदा, पदरात घेतीया. त्यो धुळाप्पा पाठीमागं कुत्र्याला टाकतोय. तुझ्या पंगतीला जेवून गावातली कुत्री कशी फुगली, ते बघितलं न्हाईस कधी?"

हैबतीनं पाहिलं. खरंच, देवळामागे गुबगुबीत कुत्र्यांची एक वेगळीच पंगत बसली होती.

"मला सांगायचं हुतं की."

"तू थांबलास कवा?" येसूबाई म्हणाली. "वाढलंस की म्होरं."

असं म्हणतात, की त्या वेळी देवळातली घंटा कुणी न वाजवता एकदा वाजली. वाजली नसेलही. पण हैबतीनं आपला द्रोण उचलला आणि भर पंगतीत सगळ्यांना दिसेल असा पानावर उपडा घातला. राणोजी लापशीची बादली घेऊन दुसऱ्या फेरीला आला आणि त्याच्यासमोर खिळल्यासारखा उभा राहिला. उपड्या द्रोणाला काय म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"बुवा, रुसलासा काय माझ्यावर?"

"न्हाई रं. माझा पाय वाचू दे, म्हणून घातलाय. बादली खाली ठेव आणि जरा बस हितं. तुझ्या गाईचं काय झालं, व्याली का?"

राणोजी बसला. गाय व्याली होती, कालवड झाली होती, पण रात्रभर अडली होती, आणि आतापर्यंत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो सांगत बसला. लापशी निवून गेली. पंगतीत दुसरा एक द्रोण उपडा झाला, मग आणखी एक. यशोदेनं पदरातली लापशी काढून पानावर ठेवली आणि तीही मोकळी बसली. त्या दिवशी कुत्री मात्र उपाशी राहिली.

त्यानंतर हैबतीच्या घरी कुणी वाटी घेऊन आलं की दारातच त्याला उंबऱ्यावर उपडा द्रोण दिसायचा. लोक वाटी पदराखाली झाकून आत यायचे, बसायचे, बोलायचे आणि वाटी तशीच परत न्यायचे. हळूहळू वाटीत गुळाऐवजी मेथीची भाजी येऊ लागली, कधी काकडी, कधी ताकाचा तांब्या. तान्हूबाईची भाकरी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी तव्यावर पडायची. तिच्या तव्याचा आवाज ऐकून शेजारचे लोक गुरं सोडायचे, असं म्हणतात. ती कडुनिंबाच्या पाण्यानं त्याची जखम धुवायची, लेप लावायची आणि उजेड असेतो तळपाय निरखायची.

आणि मग वैशाखातल्या एका सकाळी हैबती गोठ्यामागून आला आणि तान्हूबाईला म्हणाला, "चल, बघ."

दोघं जाऊन उभे राहिले. मुंग्यांची रांग बांधावरून नेहमीसारखी आली. हैबती जिथं बसला होता तिथवर आली, थोडी थबकली आणि वळून सरळ शेजाऱ्याच्या गुळाच्या ढेपेकडे निघून गेली. तान्हूबाई तिथंच मातीत खाली बसली. आधी हसली आणि मग पदरात तोंड घालून पुष्कळ रडली. पंधरवड्यात जखमेवर नवी गुलाबी कातडी धरली.

ज्येष्ठात सगुणाचं लग्न लागलं. पायाला स्वच्छ फडकं बांधून आणि ओगराळं हातात घेऊन हैबती मांडवात उभा राहिला. वऱ्हाडी हैबतीच्या आग्रहाची कीर्ती ऐकून आले होते. काहींनी धोतराच्या गाठी आधीच सैल केल्या होत्या. सगुणाचे सासरे, दाजीराव, म्हणजे भारदस्त माणूस. त्यांच्या मिशा पाहून बैलही शिंगं खाली घालायचे म्हणे. पंगत बसली, तेव्हा हैबती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"पाव्हणं, पोटभर वाढीन, मागाल तितकं वाढीन. पर ज्याला गोड नको असंल, त्यानं द्रोण उपडा घालावा. कारण इचारणार न्हाई."

कुणीतरी पुटपुटलं, "ह्यो आता बोलावून उपाशी ठेवणार." सगुणानं बोहल्याजवळून बापाकडे पाहिलं. सासऱ्यांना हे लागलं, तर पहिल्याच दिवशी तिच्या वाट्याला काय येणार होतं, हे तिला कळत होतं. हैबतीलाही कळत होतं.

दाजीरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यांनी आपला द्रोण उचलला, हळूच उपडा घातला आणि सुटकेचा श्वास सोडला. असं म्हणतात, की तो श्वास इतका मोठा होता की मांडवातल्या समया फडफडल्या आणि आंब्याची तोरणं हलली.

"व्याही," ते खालच्या आवाजात म्हणाले, "घरोघरच्या लग्नात खाऊन खाऊन डोळ्यांपुढं जाळं धरलंय माझ्या. कुणी सोडतच नव्हतं बघा."

हैबतीनं ओगराळं खाली ठेवलं आणि लेकीच्या लग्नाच्या गर्दीतही तो त्यांच्याजवळ बसला. "बरं हाय ना?" त्यानं विचारलं.

"आता हाय," दाजीराव म्हणाले.

हैबतीचा आजार पुढेही गेला नाही. तो कधी चुकायचाही. एखाद्या सणाला बोट बादलीत जायचं आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या चुगली करायच्या. मग तो पुन्हा नीट वागायचा. तो खूप म्हातारा झाला आणि शेवटपर्यंत दोन्ही पायांवर चालला. रोज जेवण झालं की पायात जाड वहाणा घालून तो येसूबाईबरोबर मारुतीच्या वडापर्यंत फेरी मारायचा. ती गेल्यावरही तो बाजूला तिच्यापुरती वाट सोडून चालायचा, असं म्हणतात.

खैरदऱ्यात आता डांबरी रस्ता आहे. भंडाऱ्याच्या सकाळी वडाखाली नर्सबाई छोटं यंत्र घेऊन बसतात, आणि मोठी माणसं बोट टोचून घ्यायला रांग लावतात. पण पंगत अजून हैबतीच्या रीतीनंच बसते. वाढायला सुरुवात टोकाकडून होते. तिथं सगळ्यांत आधी एक पान मांडतात आणि त्यावर द्रोण उपडा ठेवतात. ते हैबतीचं पान. त्याच्यावर ओगराळं एकदा टेकवतात, मग बाकीच्यांना वाढतात. जेवणं झाली की सगळा गाव वडापर्यंत फेरी मारून येतो.

आणि पंगतीत कुणाचा द्रोण उपडा दिसला, मग ती म्हातारी असो की कालच आलेली नवी सून, वाढपी तिला ओलांडून जात नाही. तो बादली खाली ठेवतो, दोन पायांवर बसतो आणि विचारतो, "बरं हाय ना?"

उत्तर ऐकूनच तो उठतो.