येसबाची मूठ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. वाघदऱ्याच्या ओढ्याला तेव्हा बारमाही पाणी होतं, एवढ्यावरून काय ते समजा.

त्या गावात हैबती नावाचा पैलवान होता. बारा वर्षं त्याची पाठ मातीला लागली नव्हती. असं म्हणतात, त्यानं शड्डू ठोकला की पलीकडच्या गावातल्या म्हशी दावं तोडून पळायच्या. त्याच तालमीत वाढलेला येसबा मात्र अंगानं काडी, पण नजर घारीची. जत्रेच्या मैदानात कुस्तीची जोड लावायचं काम त्याचं. दोन्ही गडी तोलामोलाचे आहेत असं पटलं की तो एकाचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा, मगच हलगी कडाडायची. येसबानं लावलेली जोड म्हणजे बरोबरीची, अशी पंचक्रोशीत त्याची पत होती. दुसरं होतंच काय बिचाऱ्याकडं?

चाळिशीला हैबतीनं लंगोट खुंटीला टांगला. तिथंच थांबला असता तर! पण उठता-बसता "आण्णा, आण्णा" ऐकायची सवय लागलेला माणूस, त्याला घरात करमतंय होय? आठ वर्षांनी तो पुन्हा मैदानात उतरला आणि गाव येडं झालं.

पहिल्या साली त्यानं समोर गडी निवडला तो हिवतापातून नुकताच उठलेला. येसबानं ओळखलं. पण हैबती त्याच्या कानाशी लागला, "येसबा, एका ताटात जेवलोय आपण. एवढी एक लाव." येसबानं लावली. हैबतीनं गडी चीत केला आणि उठताना मातीला हात टेकला. लोक म्हणाले, "बघा, आण्णा मातीला नमस्कार करतोय!" कसला नमस्कार न् कसलं काय! हात टेकल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं. हे फक्त येसबाला कळलं, आणि तो गप्प बसला.

दुसऱ्या साली मायाप्पा धनगर. गडी तगडा, पण आठच दिवसांपूर्वी त्याचा खांदा निखळला होता. हैबतीला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्याला निवडलं. मायाप्पाही भाबडा. आण्णाच्या हातानं पडलो तरी भाग्य, असं म्हणत उतरला. त्याचा हात हैबतीच्या हातात देताना येसबाला तो उतरलेला खांदा दिसला, तरीही त्यानं दिला. हैबतीनं नेमका तोच खांदा धरला आणि उचलून आपटला. मान मोडली. मायाप्पा जन्मात पुन्हा उभा राहिला नाही. त्या दिवशी हैबतीला भरजरी फेटा बांधला गेला, आणि येसबा ताटावरून तसाच उठला.

तिसऱ्या साली हैबती हात वर करून जोड मागत मैदानभर फिरला. चांगले तयारीचे चार गडी पुढं आले, त्यांच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात गर्दीतून बिरू उतरला. मायाप्पाचा धाकटा भाऊ, मेंढरं वळणारा, तालमीची पायरी न चढलेला, रागारागानं थेट हैबतीसमोर येऊन उभा राहिला.

"ह्योच!" हैबती म्हणाला. "लाव जोड, येसबा."

"हैबती, चार गडी उभं हायती की. त्यातला एक घे."

"माझी जोड मी ठरीवणार. तू निस्तं हात जुळीव."

आणि गाव ओरडायला लागलं, "लावा! लावा!"

येसबानं बिरूच्या मानेकडं बघितलं. थोरल्याची होती तशीच मान. तो खाली वाकला, मूठभर माती उचलली आणि दोघांच्या मधे फेकली. जोड लावणाऱ्या पंचानं माती फेकली की कुस्ती मोडली, असा जुना रिवाज, पण तसं करताना आजवर कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

"ही जोड न्हाई!" येसबा ओरडला. "गेल्या सालची न्हवती, आदल्या सालचीबी न्हवती. हैबती लबाड, आन् मी त्याच्याहून लबाड. मायाप्पाची मान ह्या माझ्या हातांनी मोडलीया!"

असं म्हणतात, ती मूठभर माती खाली बसेचना. दिवस कलला तरी मैदानावर लाल धुरळा. तो विरला तेव्हा हैबती मधोमध फतकल मारून बसलेला दिसला, आणि काही केल्या त्याला उठता येईना.

आता तरी गावाला कळावं की नाही? छे! हैबतीला खांद्यावर घेऊन वाजतगाजत घरी नेलं, आणि धोंडे मारले ते येसबाला. गावाचं नाव बुडवलं म्हणून त्याला पाणवठा बंद झाला. तो मायाप्पाच्या धनगरवाड्यावर जाऊन राहिला. स्वतः मरेपर्यंत मायाप्पाच्या निर्जीव पायांना रोज तेल चोळत राहिला. मायाप्पानं त्याला राहू दिलं, एवढंच. माफ केलं नाही, कधी एक शब्द बोलला नाही.

येसबा गेला आणि मग गावाला तो आठवला. जिवंतपणी पाणी दिलं नाही, मेल्यावर दगड उभा करून शेंदूर फासला. अशी आपली माणसं!

आजही वाघदऱ्याच्या जत्रेत शेवटच्या कुस्तीआधी बघायला आलेला प्रत्येक जण येसबाच्या नावानं मूठभर माती उचलतो. जोड विषम वाटली तर कुणीही ती मैदानात फेकावी, कुस्ती तिथंच मोडते. विषम जोडी तर दरसाल लागतात. पण आजवर एकानंही माती फेकलेली नाही. मोठा पैलवान मैदानात येतो, हलगी घुमते, सगळे टाळ्या पिटायला लागतात. आणि टाळी वाजवायची तर मूठ उघडावीच लागते.