आबांची ओंजळ

एका राज्यात मजुरी धान्याने मिळे, आणि राजाचे कोठार कधी रिकामे होत नसे. कारण दरबारच्या मांत्रिकाने मजुरी मोजायच्या तांब्याच्या राजमापावर मंत्र घातला होता. दर अमावास्येला ते माप केसभर आटे. कोणाला कळत नसे, कारण दसऱ्याला सारी प्रजा घरची मापे शुभ म्हणून राजमापाला टेकवून आणी. मग तीही आटू लागत.

कोष्ट्यांच्या आळीत गिरजा राही. ती आणि आई-वडील पहाटेपासून माग चालवत, तरी महिन्याचे धान्य वीस दिवसांत सरे. मग आई म्हणे, "मला आज भूक नाही." तसे दिवस वाढत चालले होते.

आजोबा आळीचे पंच. ते म्हणत, "हल्लीची घरे उधळी झाली. आमच्या वेळी मापात माझ्या चार ओंजळी मावत. महिना निघे."

"आणि आता किती मावतात, आबा?"

"मोठ्यांना उलट विचारू नये."

गिरजा वडावरच्या साळुंकीकडे गेली. साळुंकी म्हणाली, "माप शापित आहे. राजमापाला कधी न टेकलेले माप दरबारात नेऊन त्याच्याशी ताडून पाहा, म्हणजे मंत्र तुटेल. दोनदा चुकलीस तर एकेक हात दगडाचा होईल. तिसऱ्यांदा सगळीच दगड होशील."

गिरजाने शेजारणीचे शिसवी माप नेले. तेही आटलेले, राजमापाशी तंतोतंत जुळले. डावा हात दगड झाला. तिने देवळातले माप नेले, तेही जुळले. उजवाही गेला.

मागावरचे दोन हात कमी झाले. आई तिला घास भरवी, आणि स्वतःला भूक नाही म्हणे.

एका सकाळी आबा ओंजळीने सूर्याला अर्घ्य देत होते. गिरजा पाहतच राहिली.

"आबा, ही ओंजळ कधी राजमापाला टेकवलीत?"

"हात कोण टेकवतो, वेडे?"

"मग दरबारात चला."

"मी पंच. राजापुढे माझे हसे करतेस?"

"आई तीन दिवस जेवली नाही, आबा. मोजा हवे तर."

आबांनी पागोटे उचलले.

दरबारात मांत्रिक म्हणाला, "ओंजळ हे काय माप झाले?"

राजा म्हणाला, "भरू दे."

आबांनी एक ओंजळ घातली, दुसरी घातली. तिसरी अर्धी खाली सांडली. चौथीसाठी हात पुढे झालाच नाही.

"महाराज, चार मावत होत्या," आबा हळू म्हणाले. "मी मात्र घरांना उधळी म्हणत आलो."

शब्द निघताच राजमाप पूर्वीएवढे झाले, राज्यातली सारी मापे ताणली गेली, गिरजाचे हात मऊ झाले. मांत्रिक आटत आटत दाण्याएवढा उरला. साळुंकीने तो टिपला. राजाने मान खाली घातली आणि कोठार उघडले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आई म्हणाली, "मला भूक लागली आहे."

आबांनी उठून तिचे पान आधी वाढले.