उदंडराजांचा पहिला नंबर

सांगतो. पण मधेच कोणी "मग काय झालं?" विचारायचं नाही. गुडघा ठणकतोय, त्यात तुम्ही चहा पाजून बसवलंत, म्हणून सांगतोय. हौस नाही.

तर उदंडराजे शेवटून पहिले आले होते!

कशात? मोबाइलच्या गेममध्ये. प्रजेला शिस्त लागावी म्हणून हुकूम त्यांचाच होता. राजवाड्यातल्या भिकोबा माळ्याच्या यमुनानं तो गेम बनवला. वीज-पाणी जितकं कमी वापराल, तितके गुण जास्त. सगळं राज्य खेळायला लागलं. पहिली आली ठकूबाई कुंभारीण. राजांच्या एक नंबर वर एक न्हावी होता. तो वारून महिना झाला होता, तेव्हापासून त्याच्या नावावर एकही नवा गुण पडला नव्हता.

राजांनी यमुनाला बोलावलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत मी पहिला यायला हवा!"

"महाराज, मग ते चाळीस झुंबरांचे दिवे..."

"दिवे राहतील! माझी एकही सवय बदलणार नाही."

"मग गुण आपण हातानंच..."

"खोटे गुण? मी काय चोर आहे? खरे हवेत! नाही जमलं तर तू आणि तुझा बाप, दोघं राज्याच्या हद्दीबाहेर!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यमुनाला काही सुचलं नाही. ती बागेत बसली होती. भिकोबा घरातलं गाठोड्यात बांधत होता. तेवढ्यात समोरचं कारंजं बंद पडलं.

"आबा, बिघडलं का हो?"

"हळू बोल! राजांची वामकुक्षी चाललीय. कारंज्याची खळखळ नको, दिव्यांचा उजेड नको, गाड्यांची घरघर नको. चार वाजेपर्यंत सगळं बंद. रोजचंच आहे."

यमुना उठली. "आबा, गाठोडं सोडा."

संध्याकाळी दरबार भरला. यमुनानं मोबाइल पुढे धरला.

"महाराज, गेममध्ये दुपारची नवी फेरी घातली. सकाळी ज्याच्या घरी जेवढं चालू, त्यातलं दुपारी जेवढं बंद, तेवढे त्याला गुण. नियम सगळ्यांना एकच."

राजांनी यादी पाहिली. पहिला नंबर, उदंडराजे! ठकूबाई शेवटी. तिच्याकडे बंद करायला काही नव्हतंच.

"शाबास! पण मी केलं काय?"

"झोपलात, महाराज."

"एवढंच?"

"एवढंच. सकाळी आपल्याकडे जेवढं चालू असतं, तेवढं राज्यात कुणाकडेच नसतं. मग बंद झालं की वाचणार तरी कुणाचं?"

प्रधान छताकडे बघायला लागले.

"म्हणजे मी झोपतो तेव्हाच राज्याचं भलं होतं, असं म्हणतेस?"

"मी कुठं म्हणते? गेम म्हणतो. आणि खोटे गुण नकोत, हा हुकूम आपलाच!"

राजांनी तिच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, आणि असे हसले की मुकुट घरंगळत प्रधानांच्या पायाशी गेला.

"माग, काय हवं ते माग!"

"एकच मागणं, महाराज. सकाळीही थोडं पडत जा."

राजे परत हसले. पाच एकर बागायत यमुनाच्या नावावर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून राजे सकाळी दहालाही आडवे व्हायला लागले.

झाली गोष्ट. "म्हाताऱ्याला शेवट आठवायचा नाही," असं चारचौघांत म्हणाला होता एक जण. त्यानं अजून माफी मागितलेली नाही. धोंडू गुरवानं.